त्रेसष्ट जणांनी जोडलेलं पान

दुसऱ्या वर्षाला आम्हाला माध्यमांसाठी लेखन असा एक पेपर होता. त्यात प्रत्येकाने स्वतःचा ब्लॉग काढायचा आणि वर्षभर चालवायचा, असं मॅडमनी पहिल्याच तासाला सांगितलं. ब्लॉग म्हणजे काय हे वर्गात बहुतेकांना माहीत होतं. मला नव्हतं, पण मी मान हलवली. कॉलेजात आल्यापासून न कळलेल्या गोष्टीला मान हलवायची मला सवय लागली आहे. घरी जाऊन विचारावं असं कुणी नाही. माझ्या आधी आमच्या घरातलं कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. आई चौथीपर्यंत शिकली आहे.

ब्लॉगची फीड म्हणजे काय, ते मॅडमनी असं समजावलं होतं. ब्लॉगच्या कडेला एक छोटी केशरी खूण असते. वाचणाऱ्याने ती दाबून ब्लॉग आपल्या मोबाइलला जोडला, की आपण नवीन लिहिलेलं आपोआप त्याच्याकडे जाऊन पडतं. त्याला रोज येऊन बघावं लागत नाही.

"पेपर टाकतात तसं," मागून कुणीतरी म्हणालं.

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. "पण पेपर दारात पडला म्हणजे तो वाचला गेला असं धरू नका."

हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं होतं. तारीख टाकून, खाली रेघ मारून. वहीत उतरवलेलं सगळं मला त्याच दिवशी कळतं असं मात्र नाही.

माझ्या शेजारी जी बसायची ती ताम्हिणीची. घाटरस्त्यावर त्यांचा ढाबा आहे. कॉलेजच्या दिवसांत ती पौडला मावशीकडे राहायची आणि सुट्टीला वर जायची. आम्ही दोघी पहिल्या दिवशी पुढच्या बाकावर बसायला घाबरलो म्हणून तिसऱ्या बाकावर एकत्र आलो, आणि मग तशाच राहिलो. तिच्या बोलण्यात हाय-न्हाई असायचं आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. मला वाटायचं. माझं घर भरे गावात, म्हणजे पिरंगुटच्या कंपन्यांपासून हाकेच्या अंतरावर. आमच्या घरातही तेच बोलणं आहे, पण मी ते घरी ठेवून कॉलेजला जायचे.

ब्लॉगही आम्ही तसेच लिहिले. मी आयुष्याचा अर्थ, एकांत, मनाची वाट अशा विषयांवर लिहायचे. एकेका शब्दासाठी शब्दकोश बघायचे. ती ढाब्यावर कोण आलं, काय खाल्लं, काय बोललं ते लिहायची, आणि प्रत्येक लेखाच्या शेवटी घाट कसा आहे त्याची एक ओळ. "आज धुकं लई हाय, पण कडेची पांढरी रेघ दिसती. सावकाश या." मला हे बघून बरं वाटायचं. मी तिला मनातल्या मनात कच्चं लिंबू समजत होते, हे आता लिहिताना लाज वाटते, पण समजत होते.

सत्र अर्धं झालं तेव्हा मॅडमनी सांगितलं की कॉलेजचा वार्षिक अंक यापुढे छापायचा नाही, वेबसाइटवर दर महिन्याला काढायचा. त्याला विद्यार्थी संपादक आमच्या वर्गातून घेणार. लेखन तर त्या बघतीलच, पण ज्याला स्वतःचा वाचक मिळवता आला त्याला प्राधान्य. संपादकाचं नाव पानावर सगळ्यात वर येणार होतं.

मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की मी कुणाला बोलले नाही. आमच्या घरातली नावं सातबाऱ्यावर, लाइट बिलावर आणि लग्नपत्रिकेवर छापली जातात. कुणी काहीतरी केलं म्हणून नाव आलंय, असं एकदाही झालेलं नाही.

त्या दिवसापासून मी आकडे बघायला लागले. आकड्यांच्या पानावर वर मोठ्या अक्षरात, किती जणांनी फीड जोडली ते येतं. त्याखाली बारीक अक्षरात, किती जणांनी लेख उघडला. आणि सगळ्यात खाली, जोडताना वाचकांनी भरलेल्या गावांची यादी. मी मोठं अक्षर बघायचे आणि गावं बघायचे. मधला बारीक आकडा मला नीट समजत नव्हता, म्हणून मी तो सोडून द्यायचे.

सुरुवातीला सात जण होते. कितीतरी आठवडे सातच. मी घरी तोंड पाडून बसायचे. आई पाण्याची मोटर चालू करता करता विचारायची, "किती झालं आज?" जशी अंड्यांची विचारपूस करते तशी. मी म्हणायचे, सात. ती म्हणायची, "व्हतील, व्हतील." एकदा तिने ती खूण कुठली ते मला मोबाइलवर दाखवायला लावलं. मी दाखवली. ती म्हणाली, "भगवी हाय व्हय? मंग सापडंल कुणाला बी."

त्यानंतर आकडा वाढायला लागला. अकरा, अठरा, तीस. गावांच्या यादीत गया आलं, सतना आलं, ओडिशातलं बालेश्वर आलं. मी नकाशा काढून बालेश्वर कुठे आहे ते बघितलं. समुद्राजवळ. तिथे माझं मराठी कोण वाचत असेल? खूप विचार करून मी ठरवलं की ती एखादी मराठी बाई असणार. लग्न होऊन तिकडे गेलेली, आजूबाजूला कुणी आपलं बोलणारं नाही, आणि माझा ब्लॉग तिला सापडला. मी तिच्यासाठी एक लेखसुद्धा लिहिला. तो लिहिताना शब्दकोश उघडायचं सुचलं नाही. आमच्याकडे या दिवसांत काय पेरतात, ओट्यावर काय वाळत घातलंय, आई भाडेकरू पोरांना कशी दटावते, असं जे जे तिला ऐकावंसं वाटेल ते लिहिलं.

सत्र संपायला आलं तेव्हा माझा आकडा त्रेसष्ट होता. ताम्हिणीवालीचा चौदा.

मॅडमनी दोघींना आकड्यांच्या पानाची प्रिंट आणायला सांगितली. बाकीचे ब्लॉग तोपर्यंत बंद पडले होते. मी प्रिंट सगळ्यांना दिसेल अशी टेबलावर ठेवली. मॅडमनी चष्मा वर केला आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग पेन्सिलने त्या मधल्या बारीक आकड्याभोवती गोल केला.

"तुझे जोडलेले त्रेसष्ट," त्या मला म्हणाल्या, "आणि गेल्या लेखाला उघडून वाचणारे चार. हिचे जोडलेले चौदा, आणि वाचणारे तेरा. चौदावा कुठे गेला गं?"

"आत्याचा मोबाइल पाण्यात पडलाय मॅडम," ती म्हणाली. वर्ग हसला. मॅडमही हसल्या.

मी हसले नाही. मोबाइल फीड स्वतःच आणून ठेवतो, माणसाने उघडली न उघडली तरी जोडलेल्यांत मोजणी होते, हे मॅडम समजावत होत्या. मला फक्त तेरा ऐकू येत होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, पण तिचे वाचक सगळे घरचेच आहेत. आत्या, मामा, ढाब्यावरचे. ते काय खरे वाचक?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, जरा नवल वाटल्यासारखं.

"घरचे तर घरचे," ती म्हणाली. "वाचत्यात ना?"

मॅडमनी वर्गाला गप्प केलं. निर्णय पुढच्या सोमवारी, म्हणाल्या. मग जाता जाता मला एकटीला म्हणाल्या, "तुझे वाचक लांबलांबचे आहेत, हे प्राचार्यांना आवडेल. उघडत का नाहीत तेवढं शोधून काढ. आळस असेल, मथळे कंटाळवाणे असतील. कारण सापडलं तर मी तुझं नाव देईन."

म्हणजे संपादकाची खुर्ची अजून माझी होती. पण मला खुर्चीपेक्षा ते तेरा डाचत होते. त्या आठवड्यात मी ताम्हिणीवालीचे सगळे जुने लेख उघडून वाचले. चूक शोधायला. शुद्धलेखनाच्या चुका मोजल्या. एका लेखात तिने लिहिलं होतं की एक ट्रकवाला रोज घाट उतरण्याआधी तिच्या वडिलांकडून तिचा लेख मोठ्याने वाचून घेतो, कारण त्याला रस्त्याची ओळ ऐकायची असते, पण तो बाकीचंही ऐकून जातो. म्हणजे त्या तेरामधले एक, तिचे वडील, वाचायचे तेव्हा सगळा ढाबा ऐकायचा. हे वाचून मी मोबाइल बाजूला ठेवला. माझं कुणीच कधी मोठ्याने वाचलं नसेल, एवढंच मनात आलं.

शनिवारी सकाळी मी ओट्यावर कपडे वाळत घालत होते. आमच्या आठ खोल्या आहेत. जमिनीचा एक तुकडा विकून वडिलांनी त्या बांधल्या, आणि एकेका खोलीत कंपनीत कामाला येणारी पाच-सहा पोरं राहतात. बिहारची, ओडिशाची, मध्य प्रदेशची. सहा-आठ महिन्यांनी ती जातात, नवीन येतात. खोल्यांचं सगळं आई बघते. पाणी, चाव्या, वायफाय. त्या दिवशी शिफ्टला निघालेला एक पोरगा पायरीवर बूट घालत होता. त्याचा मोबाइल शेजारी पडला होता आणि त्याच्यावर माझ्या नव्या लेखाचा मथळा चमकला.

मी ओले हात ओढणीला पुसले आणि विचारलं, "भैया, आप ये पढ़ते हो?"

"क्या दीदी?" त्याने मोबाइल बघितला. "अच्छा ये? नहीं, पढ़ते नहीं। ये तो वाईफाई के साथ आता है।"

"मतलब?"

"आंटी लगा के देती हैं। पहले ये, फिर पासवर्ड।" तो उठला. "सबके मोबाइल में है। डिलीट करो तो गुस्सा करती हैं।"

कपडे बादलीत तसेच राहिले. मी त्याच्या मागे फाटकापर्यंत गेले आणि विचारलं, याआधी या खोलीत जो होता तो कुठला. तो म्हणाला, बालेश्वरचा. लग्न ठरलं म्हणून गावी गेला.

आई मागे भांडी घासत होती. मी विचारलं तर तिने लपवलं नाही. उलट तिला वाटलं मला आत्ताशी कळलं म्हणून मी खूश होईन.

"त्रेसष्ट झालं ना? मीच केलं ते. नवीन पोरगं आलं की आधार कारडाची झेरॉक्स घ्याची, तुझं ते भगवं दाबाचं, गाव त्यालाच टाकाया लावाचं, मंग वायफाय."

"आई, त्यांना मराठी येत नाही."

"मंग काय झालं? शिकतील."

"ते उघडतसुद्धा नाहीत."

"ते त्येंच्याकडं. आपल्या वायफायवर येवडा पिच्चर बघत्यात, तुझं एक पान ठिवाया काय जातंय?" तिने हातातली कढई पालथी घातली आणि मग माझ्या तोंडाकडे बघितलं. "तू सात सात म्हणून रडत हुतीस. मला काय लिवता वाचता येतंय का तुझ्यावानी? मला दाबता आलं, मी दाबलं."

रागवायचं होतं, पण कुणावर ते समजेना. मी वर्गात ताम्हिणीवालीला घरचे वाचक म्हणून हिणवलं होतं. माझे तर घरातल्या खोल्यांत राहणारे होते, आणि न वाचणारे.

पुढचे दोन दिवस मी हिशेब करत बसले की हे कुणाला कळेल का. नसतं कळलं. गावं लांबची दिसत होती, आकडा मोठा होता. मथळे कंटाळवाणे होते म्हणून लोक उघडत नव्हते, असं मॅडमना सांगितलं असतं तर त्यांनी मानलं असतं. हे कारण त्यांनीच सुचवलं होतं. मी वाक्यसुद्धा तयार केलं होतं.

सोमवारी सकाळी पौडच्या स्टॉपवर ती एसटीत चढली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. गेल्या सोमवारच्या बोलण्यानंतर ती माझ्याजवळ बसेल असं मला वाटलं नव्हतं.

"सरक की जरा," ती म्हणाली. मग खिडकीतून बाहेर बघत एकदम म्हणाली, "ऐक ना. मला बी शिकव. लांबचे वाचक कसे मिळवायचे?"

"म्हणजे?"

"म्हंजी काय म्हंजी. तुझं ते गया, बालेश्वर. माझे सगळे घाटातले. कोलाडच्या खाली एक न्हाई गेला. आठवडाभर जळत हुते मी तुझ्यावर. आईला बी म्हणलं, माझं कोण वाचतंय, आपलेच लोक."

ती माझ्यावर जळत होती, हे ऐकून पहिल्यांदा मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू. अगदी गोड वाटलं. मग ती म्हणाली, "आणि ती बालेश्वरची बाई कोण गं? तुझं तेवढंच एक लई आवडलं मला. बाकीचं वाचते मी सगळं, पण मधी मधी झोप येती."

"सगळं वाचतेस?"

"मंग? चार जण उघडत्यात म्हणल्या ना मॅडम. त्यातली मी एक."

मला ते चार लगेच मोजता आले. एक ती. एक मॅडम, त्यांना गुण द्यायचे असतात. एक मी स्वतः, दिवसातून दहा वेळा बघणारी. चौथा कोण ते मला आजही माहीत नाही.

तयार केलेलं वाक्य तिला सांगता आलं असतं. पण ती खरोखर शिकायला म्हणून बसली होती. पिशवीतून वही काढून मांडीवर उघडली होती. मी तिला काय लिहून घ्यायला सांगणार होते? मग मी सांगितलं. खोल्या, झेरॉक्स, केशरी खूण, वायफाय, लग्न ठरलं म्हणून गावी गेलेला पोरगा. बालेश्वरला बाई नाही, हेही.

ती इतकी हसली की पुढच्या सीटवरची बाई मागे वळून बघायला लागली.

"काकूंना आमच्याकडं पाठव गं ढाब्यावर," ती डोळे पुसत म्हणाली. "आधी भगवं दाबा, मंग पिठलं."

"तू मॅडमना सांगणारेस?"

तिचं हसू थांबलं. "मी कशाला सांगू? तुझं हाय ते, तू बघ."

एवढं बोलून तिने वही पिशवीत ठेवली. मला वाटत होतं तिने सांगावं, म्हणजे मला सांगायला लागणार नाही आणि तिचा रागही करता येईल.

मॅडमच्या केबिनबाहेर मी दोनदा जाऊन परत आले. तिसऱ्यांदा आत गेले आणि उभ्याउभ्याच सांगितलं. वाक्यं नीट आली नाहीत. आईने केलं असं म्हणताना मला कसंतरी झालं, म्हणून मी मध्येच म्हणाले की तिचा काही दोष नाही, मीच रोज आकड्यासाठी रडत होते. मॅडमनी मध्ये तोडलं नाही. शेवटी विचारलं, "मग तुझे किती राहिले?"

"चार," मी म्हणाले. "त्यात तुम्ही एक आणि मी एक."

त्यांनी खाली बघून कागदावर काहीतरी लिहिलं. माझी पाठ थोपटली असती तर मला रडू आलं असतं. त्यांनी थोपटली नाही. म्हणाल्या, "ठीक आहे. संपादक ती होईल. अंकाचे आकडे कुणीतरी दर सोमवारी बघून मला द्यायला हवेत. जोडलेले वेगळे, वाचलेले वेगळे. वर्गात हा फरक आता तुझ्याइतका कुणाला कळलेला नाही."

मी हो म्हणाले. नाही म्हणायचं होतं.

घरी आईला सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "म्हंजी ते समदं पुसून टाकायचं?" मी म्हटलं, हो. एकेका पोराच्या मोबाइलमधून. ती रविवारी स्वतः खोलीखोलीत गेली. पोरं म्हणत होती, रहने दो आंटी. ती ऐकेना. आकडा त्रेसष्टवरून उतरत गेला. जी पोरं गावी गेली त्यांचे काही राहिले, त्यांना कोण सांगणार. तरी मी माझ्या कागदावर ते धरत नाही.

अंक निघाला. पानावर सगळ्यात वर संपादक म्हणून तिचं नाव आहे. ते मी पहिल्यांदा कॉलेजच्या कॉम्प्युटरवर बघितलं आणि पान खाली सरकवलं, नाव दिसेनासं होईपर्यंत. तिने मला त्या बालेश्वरच्या बाईचा लेख अंकासाठी मागितला होता. मी अजून दिलेला नाही. तिने पुन्हा विचारलं तर देईन असं वाटतं, पण ती दोनदा विचारणाऱ्यातली नाही.

दर सोमवारी मी आकडे लिहिते. दोन रकाने, प्रत्येक लेखासमोर. तिच्या संपादकीयाचे वाचलेले सगळ्यात जास्त असतात. ते लिहिताना माझं पेन थांबतं. गेल्या सोमवारी एकेचाळीस होते. एकोणचाळीस लिहिलं तर कुणी तपासणार नव्हतं, आणि मी त्यातला तीन लिहूनही टाकला होता. मग त्याच्यावर काट मारली आणि शेजारी एकेचाळीस लिहिलं. काट तशीच राहिली आहे. मॅडमनी ती बघितली आणि कागद फाइलला लावून टाकला.